तीन हजारांचा पार्ट, दहा हजारांचं बिल: चाकाच्या स्पिंडलचा खर्च समजून घेताना

पार्टचा भाव विचारला तर अडीच-तीन हजार सांगतात आणि गाडी सोडवायला गेलं की हातात दहा हजारांचं बिल पडतं. इंदूरच्या सुदामा नगरपासून तिलक नगरपर्यंत ओळखीपाळखीच्या कित्येकांनी मला हा प्रश्न विचारला आहे: यात खरा खर्च किती आणि लुबाडणूक किती? वर्कशॉपच्या काउंटरवर बसून एस्टिमेट लिहिणं हेच माझं काम, त्यामुळे दोन्ही बाजू रोज डोळ्यांसमोर असतात. दहा हजारांचं बिल अगदी चोख असू शकतं. आणि सहा हजारांचं बिल पूर्ण वाया गेलेलं असू शकतं, कारण मुळात स्पिंडलला काही झालेलंच नव्हतं. म्हणून आकड्यांकडे जाण्याआधी हा पार्ट चाकात कुठे बसतो आणि कशाने जातो, ते पाहू.

चाक फिरतं, गाडीचा सांगाडा फिरत नाही. या दोघांच्या मध्ये जो स्वतः न फिरणारा आधार असतो, तो स्पिंडल. जुन्या पद्धतीत, आणि आजही पुष्कळ छोट्या गाड्यांच्या मागच्या चाकांत, तो सरळ पोलादी दांडाच असतो. दांड्यावर बेअरिंग चढतं, बेअरिंगवर ड्रम फिरतो, टोकाला नट. पुढच्या चाकांचं मात्र वेगळं. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक आणि सेडान पुढच्या चाकांनी ओढल्या जातात, म्हणजे इंजिनाकडून येणारा एक्सल चाकाच्या मधूनच बाहेर यायला हवा. तिथे दांडा ठेवून चालत नाही. त्याऐवजी एक जाड, वेडावाकडा लोखंडी तुकडा असतो आणि त्याच्या मधोमध गोल भोक. भोकात बेअरिंग दाबून बसवतात, बेअरिंगमध्ये हब, म्हणजे ज्यावर चाक बोल्टांनी बसतं तो भाग, दाबून बसवतात, आणि हबमधून एक्सलचं दातेरी टोक बाहेर निघतं. याच तुकड्याला वरून शॉकर, खालून लोअर आर्मचा (चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याचा) बॉल जॉइंट, बाजूने टाय रॉड एंड (स्टिअरिंगकडून येणाऱ्या दांड्याचं टोक) आणि शिवाय ब्रेकचा कॅलिपर जोडलेला असतो. बिलावर त्याचं नाव ‘स्टिअरिंग नकल’ असं येतं, कुठे ‘स्टब एक्सल’, आणि आपल्या इंदूरच्या गॅरेजांत सरसकट ‘नकल’. फोनवर भाव विचारताना पुढची की मागची, डावी की उजवी, नुसता तुकडा की हब-बेअरिंगसकट, एवढं स्पष्ट विचारा. दोन दुकानांच्या भावात दिसणारा फरक बऱ्याचदा दोघांनी वेगवेगळी वस्तू सांगितल्यामुळे पडलेला असतो.

नकल काढायची म्हणजे तिला जोडलेलं सगळं सोडवायचं. पार्ट स्वस्त आणि काम महाग होतं ते इथे.

नकल जाते कशाने

ब्रेक पॅड झिजायलाच बनवलेले असतात, बुश आणि बेअरिंगही आपलं आयुष्य संपलं की जातात. नकल त्या जातीची नाही. नीट वागवली तर ती गाडीच्या शेवटापर्यंत टिकते. त्यामुळे कोणी ‘किलोमीटर झाले, नकल बदलून टाका’ म्हणाला तर थांबा आणि कारण विचारा.

पहिलं कारण दणका. माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावरचा रस्ता तिच्याबरोबर हलतो. चांगला दिसणारा डांबरी रस्ता पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांत जागोजागी बसतो तो यामुळे. पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली दिसत नाही, गाडी वेगात आत जाते आणि पलीकडच्या काठावर रिम आपटते. डिव्हायडरला बाजूने घासून बसलेला मार याहून वाईट. नकल वरून-खालून येणारा भार सोसायला बनवलेली असते, आडव्या फटक्याने ती वाकते. हे वाकणं डोळ्यांना दिसत नाही. एखाद-दुसऱ्या अंशाचा फरक असतो, पण तेवढ्याने टायर एका कडेने झिजायला लागतो आणि गाडी एका बाजूला ओढते.

दुसरं कारण माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे घालवणारं, आणि पूर्ण टाळता येण्याजोगं: आवाज करणाऱ्या बेअरिंगकडे केलेलं दुर्लक्ष. अशी एक नकल परवाच माझ्या टेबलावर होती. भोकाची आतली भिंत एकसारखी करडी असायला हवी. तिच्यात आरशासारखा चकचकीत पट्टा पडला होता आणि पट्ट्याच्या कडेला निळसर-जांभळी झाक होती. नवं बेअरिंग भोकाच्या तोंडाशी धरून अंगठ्याने दाबलं, तर ते सरकत थेट तळाशी गेलं. जे बेअरिंग हायड्रॉलिक प्रेसवर घेतल्याशिवाय जागचं हलता कामा नये, ते अंगठ्याने बसलं.

झालं होतं ते असं. बेअरिंगला दोन कड्या असतात, बाहेरची आणि आतली, मध्ये गोळ्या. बाहेरची कडी नकलेत घट्ट रुतून बसते, तिने फिरायचं नसतं. गोळ्यांवर खड्डे पडले, ग्रीस सुकलं, सीलमधून पाणी शिरलं की गोळ्या अडखळतात आणि आतली कडी बाहेरच्या कडीलाही ओढायला लागते. एक दिवस बाहेरची कडी नकलेच्या भोकात फिरू लागते आणि भोक खात जाते. चकचकीत पट्टा ती फिरल्याची खूण, निळी झाक तापल्याची. एकदा भोक मोठं झालं की त्यात कितीही भारी बेअरिंग घाला, ते सैलच बसणार. या गाडीच्या मालकांनी चार महिने येणारा गुंगुं आवाज टायरचा समजून सोडून दिला होता. सुरुवातीला आले असते तर बेअरिंग आणि मजुरी मिळून बावीसशे-अडीच हजारांत सुटले असते.

मागच्या दांड्याच्या प्रकारात हेच उलट घडतं. तिथे आतली कडी दांड्यावर बसते; बेअरिंग जाम झालं की ती दांड्यावर फिरते आणि दांड्याला खाच पाडते.

तिसरं कारण हातोडा. बेअरिंग प्रेसऐवजी घणाने ठोकून बसवणं, बॉल जॉइंट पुलरने न काढता नकलेच्या कानावर घाव घालून सोडवणं, अडकलेल्या कडीवर गॅस कटर चालवताना नकलेला चटका लावणं. बेअरिंग बाहेरच्या कडीवर दाबून नकलेत बसवायचं असतं, आणि हब बसवताना आतल्या कडीला खालून आधार द्यायचा असतो. उलट केलं तर सगळा जोर गोळ्यांमधून जातो, कडीवर बारीक वळ उठतात आणि नवं कोरं बेअरिंग काही महिन्यांत ओरडायला लागतं. मग पुन्हा तेच काम, पुन्हा ठोकाठोक, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी भोकच जातं.

पैसे मोजण्याआधी खात्री

‘नकल गई है’ हे वाक्य ऐकल्यावर लगेच होकार देऊ नये. बेअरिंग, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड आणि शॉकर, या चारही गोष्टींची लक्षणं एकमेकांत मिसळलेली असतात आणि त्या चारही नकलेपेक्षा सोप्या आहेत.

आवाजापासून सुरुवात करा. सुपर कॉरिडॉरसारख्या मोकळ्या, गुळगुळीत रस्त्यावर साठच्या आसपास वेग ठेवा. गुंगुं आवाज वेगाबरोबर वाढतो आणि न्यूट्रल केल्यावरही तसाच राहतो, म्हणजे तो इंजिनचा नाही. आता रहदारी नसेल तेव्हा हलकेच डावीकडे कलवा, मग उजवीकडे. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर येतं. आवाज तेव्हा वाढला तर संशय उजव्या बेअरिंगवर. टायरचा आवाज असा बाजू बदलत नाही, तो रस्त्याचा पोत बदलला की बदलतो.

मग चाक उचलून हलवणं. हे गॅरेजात करून घ्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीपाशी कोणी बसू नये, खाली स्टँड हवाच. चाक घड्याळाच्या बारा आणि सहाच्या जागी धरून आत-बाहेर हलवायचं. खटखट जाणवली तर ती बेअरिंगची किंवा बॉल जॉइंटची. या दोघांत फरक करायला एक साधी युक्ती आहे, आणि मेकॅनिकने ती तुमच्यासमोर करावी असा आग्रह धरा. दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि चाक पुन्हा हलवा. ब्रेक दाबला की हब आणि नकल एकमेकांना पक्के धरले जातात, त्यांच्या मधल्या बेअरिंगची ढिलाई दिसेनाशी होते. ब्रेक दाबल्यावर खटखट थांबली तर बेअरिंग. तशीच राहिली तर दोष बॉल जॉइंटचा किंवा सस्पेन्शनमधल्या दुसऱ्या जोडाचा. तीन आणि नऊच्या जागी धरून हलवल्यावर ढिलाई जाणवली, तर आधी टाय रॉड एंड आणि स्टिअरिंगचा रॅक बघायचा.

वाकलेली नकल ओळखण्याची जागा म्हणजे अलाइनमेंटचं मशीन. अलाइनमेंटचे तीन-चारशे रुपये आपण सगळेच देतो, पण प्रिंट कोणी वाचत नाही. तो कागद मागून घ्या. त्यावर टो, कॅम्बर, कॅस्टर असे आकडे असतात. छोट्या गाड्यांत मेकॅनिक सहसा फक्त टो, म्हणजे चाकं वरून पाहिल्यावर किती आत-बाहेर वळलेली आहेत तो कोन, जुळवू शकतो. कॅम्बर, म्हणजे चाक समोरून पाहिल्यावर किती आत-बाहेर कलंडलं आहे तो कोन, कारखान्यातून आला तसाच राहतो. एका चाकाचा कॅम्बर लाल रंगात आणि दुसऱ्याचा हिरव्या, असं आलं तर काहीतरी वाकलेलं आहे. काय वाकलं आहे, हे एसएआय या आकड्यावरून कळतं. शॉकरच्या वरच्या टोकापासून खालच्या बॉल जॉइंटपर्यंत एक तिरकी रेषा कल्पून घ्या. चाक वळतं ते तिच्याभोवती. त्या रेषेचा कल म्हणजे एसएआय. तो मोजायला स्टिअरिंग दोन्हीकडे ठरावीक अंशांत वळवून पाहावं लागतं, आणि घाईत असलेली दुकानं ते टाळतात. सांगून करून घ्या. दोन्ही बाजूंचा एसएआय सारखा आणि कॅम्बर मात्र एकाच बाजूचा बिघडलेला, तर चाक आणि ती रेषा यांच्यामधला कोन बदलला आहे, म्हणजे नकल वाकली आहे किंवा तिला धरणारा शॉकर. एसएआय आणि कॅम्बर दोन्ही बिघडले आणि त्यांची बेरीज दुसऱ्या बाजूएवढीच आली, तर नकल बहुधा निर्दोष आहे. लोअर आर्म किंवा त्याखालचा सांगाडा तपासा. या एका बेरजेने अनेकांची नवी नकल वाचलेली मी पाहिली आहे.

भोक झिजलं आहे का, हे मात्र बेअरिंग काढल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही. म्हणून प्रामाणिक एस्टिमेटमध्ये बेअरिंग आणि मजुरी पक्की लिहिलेली असते आणि पुढे ‘नकल, लागल्यास’ असं असतं. तसंच लिहून घ्या, आणि बेअरिंग निघाल्यावर फोन करायला सांगा. जाऊन भोकाची भिंत स्वतः बघा. चकचकीत पट्टा ओळखायला मेकॅनिक असावं लागत नाही.

बिलाची फोड

पुढचे आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. तुमच्या गाडीचा भाव तिच्या पार्ट नंबरवरून काढा. समजा, साधी हॅचबॅक आहे, पुढची उजवी नकल गेली आहे आणि काम मोहल्ल्यातल्या चांगल्या गॅरेजात होतं आहे. नकल २,८०० रुपये. बेअरिंग १,२००, कारण जुनं बेअरिंग काढताना गोळ्यांवरून ओढलं जातं आणि ते परत वापरायचं नसतं. हब १,५००. सर्क्लिप (बेअरिंग जागेवर धरणारी कडी), सील, एक्सल नट, बोल्ट मिळून ४००. प्रेससकट मजुरी १,८००. अलाइनमेंट ५००. बेरीज ८,२००. आता लोअर आर्म १,६०० आणि टाय रॉड एंड ५०० त्यात आले की झाले १०,३००.

यातलं काय अटळ आहे? नकल बदलायचं ठरलं की बेअरिंग, सर्क्लिप, सील आणि एक्सल नट यांच्यावर घासाघीस करू नका. बऱ्याच गाड्यांत एक्सल नट आवळल्यावर त्याची कड खाचेत ठेचून बसवतात. एकदा सोडवलेला तसा नट पुन्हा भरवशाचा राहत नाही, आणि बेअरिंगवरचा नेमका दाब त्या नटावरच अवलंबून असतो. अलाइनमेंटही अटळ, कारण टाय रॉड सुटला की टो बिघडणारच.

हबबद्दल विचारा. तो बेअरिंगमधून काढताना आतल्या कडीचा अर्धा तुकडा बहुतेक वेळा त्याच्यावरच अडकून राहतो. तो नीट ओढून काढला आणि हबची गुळगुळीत जागा ओरखड्यांशिवाय राहिली, तर हब चालतो, पंधराशे वाचतात. तिथे खाच दिसली तर बदलावाच लागतो. लोअर आर्म आणि टाय रॉड एंडचंही तसंच: रबरी बूट फाटलेला असेल, जोड सैल असेल तर बदला, मजुरी पुन्हा द्यावी लागणार नाही. पण ‘खोललंच आहे तर टाकून द्या’ हे कारण पुरेसं नाही. खराब झालेला जोड हातात घेऊन दाखवायला सांगा.

नवीन धाटणीच्या काही गाड्यांत बेअरिंग आणि हब मिळून एकच युनिट येतं आणि ते नकलेला बोल्टांनी बसतं. युनिट महाग, साध्या बेअरिंगच्या कित्येक पट, म्हणून गिऱ्हाईक नाराज होतं. पण त्यात प्रेसचं काम नाही, मजुरी कमी, आणि बाहेरची कडी फिरून भोक खाण्याचा प्रकार होत नाही. अशा गाडीत नकल बदलायला सांगितली तर कारण बहुतेक अपघाताचंच असायला हवं. एबीएस, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, असलेल्या गाडीत आणखी एक गोष्ट: पुष्कळ बेअरिंगांच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकीय कडं असतं आणि सेन्सर त्यावरून चाकाचा वेग वाचतो. बेअरिंग उलटं बसलं की सेन्सरला काही वाचता येत नाही आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. मग नव्या सेन्सरचे पैसे मागितले जातात. काम झाल्यावरच दिवा लागला असेल, तर सेन्सरचे पैसे देण्याआधी बेअरिंगची बाजू तपासून घ्या.

करांचं थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सर्व सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के झाला; त्याआधी बऱ्याच भागांवर तो २८ टक्के होता. मजुरीवरही १८ टक्के. पण खोक्यावर छापलेली एमआरपी सर्व करांसकट असते. बिलात कराआधीची किंमत आणि कर वेगळे दाखवले तर ठीक, दोन्हींची बेरीज एमआरपीच्या आत हवी. एमआरपी धरून तिच्यावर पुन्हा १८ टक्के लावलेले दिसले, तर ते काढायला सांगण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. म्हणून खोकं मागून घ्यायचं: त्यावर एमआरपीही असते आणि पार्ट नंबरही.

देवास नाक्याकडच्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरांत मजुरी जास्त पडते, पण प्रेस, पुलर, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने नट आवळायचा पाना) जागेवर असतात. मोहल्ल्यातल्या मेकॅनिकपाशी प्रेस नसेल तर तो नकल लेथवाल्याकडे नेऊन बेअरिंग बसवून आणतो. यात गैर काही नाही, फक्त काम कुणाकडे आणि कशावर होणार ते विचारून ठेवा. माझं मत विचाराल तर या कामासाठी मी प्रेस आणि टॉर्क रेंच असलेल्या गॅरेजाला पाचशे रुपये जास्त देईन आणि ते पैसे पार्टच्या खरेदीत वाचवीन. छोटी ग्वालटोली किंवा सियागंजच्या दुकानांत पार्ट नंबर सांगून विचारलं तर बहुतेक वेळा एमआरपीवर थोडी सूट मिळते. बेअरिंगमध्ये कंपनीच्या खोक्याऐवजी नामवंत बेअरिंग उत्पादकाचं घेतलं तरी मला चालतं, अनेकदा माल तोच असतो. नकल मात्र कंपनीचीच घ्या. भोकाचं माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत जुळावं लागतं, आणि ते हातात धरून कळत नाही.

भंगारातली नकल सात-आठशेत मिळते. ती ज्या गाडीतून निघाली ती भंगारात का गेली, हा प्रश्न स्वतःला विचारा. ठोकलेल्या गाडीची नकल वाकलेली नसेल याची हमी कोण देणार? गाडीचं मॉडेल बंद होऊन वर्षं लोटली असतील आणि नवा पार्ट मिळतच नसेल, तेव्हाच हा रस्ता धरावा, आणि तोही भोक मायक्रोमीटरने मोजून, नकल बसवल्यावर अलाइनमेंटच्या प्रिंटवर दोन्ही बाजू ताडून.

‘भरून घेऊ का?’

झिजलेल्या दांड्यावर वेल्डिंगचा भराव घालून लेथवर मापात उतरवायचा, किंवा मोठ्या झालेल्या भोकात पंचने टोचे मारून बेअरिंग घट्ट करायचं, ही दोन्ही कामं आपल्या शहरात होतात. खर्च पाचशे ते हजार. गिऱ्हाईक खूश होऊन जातं. मी या कामाच्या ठाम विरोधात आहे, आणि ओळखीच्या कोणालाही हे करू देत नाही.

स्पिंडलचा दांडा घडीव पोलादाचा असतो आणि त्याला उष्णतेची ठरावीक प्रक्रिया करून ताकद आणि चिवटपणा दिलेला असतो. वेल्डिंगच्या आचेने भरावालगतचा पट्टा ती प्रक्रिया गमावतो. कुठे ठिसूळ होतो, कुठे मऊ. वरून लेथ मारल्यावर तो नव्यासारखा चमकतो आणि मापातही असतो. पण प्रत्येक खड्ड्याला आणि वळणाला दांड्यावरचा ताण वाढतो आणि पुन्हा उतरतो, असं लाखो वेळा. भेग पडते ती त्या बिघडलेल्या पट्ट्यात, आतल्या आत. ती वाढत जाते आणि शेवटी दांडा एकदम तुटतो. भर वेगात, खंडवा रोडच्या घाटात किंवा एबी रोडवर, चाक गाडी सोडून जातं. ब्रेकचा ड्रमही त्या चाकाबरोबर जातो. गाडीत मुलंबाळं असतात. ओतीव नकलेवर वेल्डिंग तर आणखी बेभरवशाचं.

टोचे मारणं वरवर कमी धोक्याचं वाटतं. त्या टोच्यांच्या टोकांवर बेअरिंगची कडी थोडे दिवस अडकते, टोकं घासली गेली की पुन्हा फिरते. कडी सगळीकडून सारखी न दबता टोच्यांपाशीच दबते, ती किंचित वाकडी होते आणि नवं बेअरिंग लवकर जातं. वाचवलेले दोन हजार त्या बेअरिंगात आणि दुसऱ्या मजुरीत जातात. वाकलेली नकल तापवून सरळ करणं हाही त्यातलाच प्रकार.

विम्यातून निघेल का

बेअरिंग झिजून नकल गेली तर नाही. झीज आणि यांत्रिक बिघाड साध्या पॉलिसीत बसत नाहीत. खड्ड्यात किंवा डिव्हायडरवर आदळून नकल वाकली तर तो अपघात आहे आणि क्लेम होतो. त्यासाठी गाडी खोलण्याआधी विमा कंपनीला कळवायचं, सर्व्हेअरने पाहिल्यावरच काम सुरू करायचं आणि आपटलेल्या रिमचे फोटो जागेवरच काढून ठेवायचे. टायर एकटा फुटला तर पैसे मिळत नाहीत. त्याच वेळी गाडीचंही नुकसान झालं असेल तर टायरच्या किमतीच्या ५० टक्क्यांपर्यंत मिळतात.

मिळतील तेवढे सगळे हातात पडत नाहीत. धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे घसारा कापतात: तिसरं वर्ष पूर्ण होऊन चौथं चालू असेल तर २५ टक्के, पाचव्यात ३५, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४०, त्याहून जुनीला ५०. शिवाय १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये आणि त्यावरच्या गाडीला २,००० रुपये प्रत्येक क्लेममागे स्वतः भरावे लागतात. सहा वर्षांच्या हॅचबॅकचा हिशेब करू. मान्य झालेले धातूचे भाग ६,००० रुपयांचे, त्यातून ४० टक्के गेले, राहिले ३,६००. मजुरी आणि अलाइनमेंट २,३००. एकूण ५,९००, वजा १,०००. हातात ४,९००.

आता दुसरी बाजू. या वर्षी तुमचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, ३५ टक्के असेल तर क्लेम न करता पुढच्या वर्षी तो ४५ होतो, त्यापुढे ५०. क्लेम केला की पुढच्या वर्षी शून्य, त्यानंतर २०. स्वतःच्या नुकसानीचा प्रीमियम ७,००० धरला तर पहिल्या वर्षी ३,१५० आणि दुसऱ्या वर्षी २,१०० रुपये जास्त जातात. दोन वर्षांत ५,२५०, म्हणजे मिळालेल्या ४,९०० पेक्षा जास्त. नकलेसाठी एकटा क्लेम म्हणूनच बहुधा परवडत नाही. बंपर, रिम, शॉकर असं बरंच काही एकाच आदळण्यात गेलं असेल तेव्हा करावा. शून्य घसाऱ्याची जोडपॉलिसी असेल तर गणित बदलतं. हीच बेरीज-वजाबाकी तुमच्या आकड्यांवर करून बघा.

मागच्या चाकांचा दांडा काही गाड्यांत चार बोल्टांनी बसवलेला असतो. तो पुढच्या नकलेपेक्षा स्वस्तात आणि लवकर बदलतो. काहींत तो मागच्या बीमलाच जोडलेला येतो आणि मग अख्खा बीम घ्यावा लागतो, तेव्हा खर्च एकदम वर जातो. टाटा एससारख्या पुढे सरळ एक्सल असलेल्या मालवाहू गाड्यांत स्टब एक्सल किंगपिन नावाच्या उभ्या खिळीवर फिरतो. तिथे किंगपिन आणि बुशचा संच बदलून बहुतेक काम भागतं. वेळेवर ग्रीस भरत गेलं तर स्टबला हात लावायची पाळी क्वचित येते.

गाडी सोडवताना तीन गोष्टी घेतल्याशिवाय निघू नका: जुनी नकल, नव्या पार्टची खोकी आणि काम झाल्यानंतरची अलाइनमेंटची प्रिंट. एक्सल नट टॉर्क रेंचने आवळला का, आणि गाडी खाली ठेवून चाकांवर जोर देण्याआधी आवळला का, हे विचारा. नट पक्का नसताना गाडी नुसती ढकलली तरी काही बेअरिंगांना इजा होते. मेकॅनिकला बरोबर बसवून तीन-चार किलोमीटर चालवा, हात सैल सोडून गाडी सरळ जाते का पाहा, परत आल्यावर त्या चाकाच्या मध्याजवळ हात धरा. दुसऱ्या बाजूच्या चाकाइतकीच ऊब असायला हवी. शंभरेक किलोमीटर झाले की व्हील नट पुन्हा एकदा तपासून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, आणि त्याचे वेगळे पैसे सहसा कोणी मागत नाही.